साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी ऑनलाइन घेताना

सराफ्यात अंगठी घेताना घरातलं जाणतं माणूस ती दुकानातल्या दिव्यांखालून उचलतं आणि पायरीवर, उजेडात नेऊन बघतं. पैशांचं बोलणं त्यानंतर. ऑनलाइन खरेदीत हा क्रम उलटतो. पैसे आधी जातात, उजेड नंतर मिळतो. त्यामुळे इथे सगळी भिस्त दोन गोष्टींवर ठेवायची. एक, पैसे भरण्याआधी जुळवून बघता येतील असे आकडे. दोन, अंगठी हातात आल्यावर ती नीट तपासून गरज पडल्यास परत करता येईल इतके दिवस. इंदुरात राहून मुंबई-सुरतेहून येणारा हिरा घेणं यामुळे सोपं होतं, पण कामं योग्य क्रमाने करावी लागतात.

आधी तारखा मोजा

साखरपुड्याची तारीख ठरली की तिथून मागे मोजत या. ऑर्डरनंतर अंगठी घडवायला साधारण १० ते २० दिवस जातात, कुरिअरला ३ ते ५. माप चुकलं तर अंगठी परत पाठवून, मोठी किंवा लहान करून पुन्हा यायला आणखी दोन आठवडे धरा. परतीची मुदत बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० दिवसांची असते. ही सगळी बेरीज केली तर समारंभाच्या किमान दोन महिने आधी ऑर्डर द्यायला हवी. धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास कारागिरांकडे कामाचा ढीग असतो, तेव्हा आणखी आठ-दहा दिवस हाताशी ठेवा.

परतीच्या अटी हिरा निवडण्याआधी वाचा, नंतर नव्हे. मुदत कुठल्या दिवसापासून मोजतात, अंगठी मिळाल्यापासून की पाठवल्यापासून? पैसे खात्यात परत येतात की दुकानाचं व्हाउचर मिळतं? परतीच्या कुरिअरचा आणि विम्याचा खर्च कोणाचा? आतल्या बाजूला नाव किंवा तारीख कोरून घेतली की बहुतेक दुकानं अंगठी परत घेत नाहीत. म्हणून कोरीवकाम मुदत संपल्यावर, सगळं पसंत पडल्यावर इथल्याच सोनाराकडून करून घ्या.

आपल्याकडे हिरा लाभतो का हे काही दिवस जवळ ठेवून पाहायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. घरातल्या मोठ्यांना ते करायचं असेल तर ते दिवसही परतीच्या मुदतीतच बसवा. मुदत संपल्यावर आजी नको म्हणाली तर दुकान ऐकणार नाही.

बोटाचं माप

ऑनलाइन अंगठी परत जाण्याचं नेहमीचं कारण हिरा नसतो, माप असतं. भारतीय मापाचा ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून ४० वजा करा. घेर ५२ मिमी तर माप १२, घेर ५४ मिमी तर माप १४. १२ मापाच्या अंगठीचा आतला व्यास सुमारे १६.५ मिमी असतो. तरीही त्या त्या दुकानाचा तक्ता पाहा. अर्ध्या मापाचा फरक निघतो.

दोऱ्याने माप घेऊ नका, दोरा ताणला जातो. अर्धा सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी घ्या, बोटाभोवती गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे खूण करा आणि मोजपट्टीवर मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीन मापं घेऊन मधलं धरा. थंडीत आणि सकाळी बोट बारीक असतं, उन्हाळ्यात आणि संध्याकाळी सुजल्यासारखं होतं. जानेवारीतल्या सकाळी घेतलेलं माप मे महिन्यात घट्ट होतं. बोटाचा सांधा जाड असेल तर सांध्याचंही माप घ्या आणि दोन्हींच्या मधलं निवडा. अंगठीची पट्टी ५-६ मिमी रुंद असेल तर एक माप मोठं लागतं.

मुलीला न कळवता अंगठी घ्यायची असेल तर तिची एखादी अंगठी मिळवून आतला व्यास मोजा आणि त्याला ३.१४ ने गुणा. मात्र ती अंगठी ती कुठल्या हाताच्या कुठल्या बोटात घालते हे आधी पाहा. उजव्या आणि डाव्या अनामिकेतही फरक असतो. दुकानाचा तक्ता छापून घेतलात तर छापील पट्टीवरचे १० सेंमी खऱ्या पट्टीशी ताडून बघा, कारण प्रिंटर पान आपोआप लहान करतो आणि माप चुकतं. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे सराफ्यातल्या कुठल्याही ओळखीच्या दुकानात मापाच्या कड्यांच्या जुडग्यावर बोट घालून बघणं. दोन मिनिटांचं काम आहे.

नैसर्गिक की प्रयोगशाळेतला

एक खाणीतून निघतो, दुसरा प्रयोगशाळेत तयार होतो. दोन्ही खरेच हिरे, दोन्ही कार्बनचे, कठीणपणाही तोच. नुसत्या डोळ्यांनी किंवा सराफाकडच्या साध्या उष्णतेच्या पेनाने (हिऱ्याला टेकवला की तो वाजतो) फरक कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेची उपकरणं लागतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत सतत उतरले आहेत. त्यामुळे पुढे मोडायची वेळ आली तर फार थोडं हातात येतं. बजेटमध्ये मोठा, देखणा हिरा हवा असेल आणि पुढे मोडून पैसे मिळवण्याचा विचार नसेल तर तो उत्तम पर्याय आहे. घरात दोन्हीकडच्या मंडळींना आधी सांगून घ्या, एवढाच सल्ला. साखरपुड्यानंतर कुणाला वेगळं कळणं वाईट.

प्रयोगशाळेतला हिरा घेताना त्याला निळसर, करडी किंवा तपकिरी झाक आहे का ते मुद्दाम विचारा. आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टवर अशा हिऱ्याचा क्रमांक ‘एलजी’ या अक्षरांनी सुरू होतो. जीआयए या अशाच दुसऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग-शुद्धतेच्या अक्षरी श्रेणी देणं थांबवलं आहे.

‘मोइसनाइट डायमंड’ हा हिरा नव्हे. ते सिलिकॉन कार्बाइड आहे. उष्णतेचा पेन त्यालाही हिराच म्हणतो, म्हणून पेन वाजवून दाखवलेल्या व्हिडिओला पुरावा मानू नका.

मध्य प्रदेशात असल्यामुळे ‘पन्नाचा हिरा’ असंही सांगितलं जातं. पन्ना जिल्ह्यात मझगवाँची खाण आहे हे खरं, पण हिरा कुठल्या खाणीतला हे नेहमीच्या रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. त्या नावावर जास्तीचे पैसे देऊ नका.

रिपोर्ट कसा वाचायचा

सुट्ट्या हिऱ्याचा रिपोर्ट आणि घडवलेल्या दागिन्याचं कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआयए फक्त सुट्या हिऱ्याला श्रेणी देते. अंगठीत बसवलेल्या हिऱ्याची शुद्धता आणि वजन कोणीही तपासलं तरी ते अंदाजेच असतं, कारण अर्धा हिरा सोन्यात झाकलेला असतो. मधला हिरा ३० सेंटपेक्षा मोठा असेल तर त्याचा स्वतंत्र रिपोर्ट मागा. १०० सेंट म्हणजे १ कॅरेट, आणि १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम.

भारतीय दुकानांच्या पानावर अनेकदा ‘जीएच-एसआय’ किंवा ‘ईएफ-व्हीव्हीएस’ असं जोडीने लिहिलेलं असतं. हा श्रेणींचा पट्टा आहे, एक नेमकी श्रेणी नाही. ‘जीएच-एसआय’ म्हणजे रंग जी किंवा एच, शुद्धता एसआय१ किंवा एसआय२. रंगाची अक्षरं डी पासून पुढे जातात तशी पिवळी झाक वाढते, शुद्धता व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशी उतरत जाते. यात विकणारा बहुधा खालचाच हिरा देतो. कडेच्या बारीक हिऱ्यांसाठी हा पट्टा चालतो. मधल्या हिऱ्यासाठी एक रंग आणि एक शुद्धता, दोन्ही नेमकी हवीत.

आता कट, वजन, रंग आणि शुद्धता या चार गोष्टींपैकी कशाला किती महत्त्व द्यायचं. आमच्या मते घडणीला, म्हणजे कटला, सगळ्यांत जास्त. हिऱ्याचं ‘पाणी’ म्हणतात ते बहुतांशी कटमधून येतं. उजेड वरून आत जातो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि पुन्हा वर येतो. तळ फार उथळ असेल तर उजेड खालून निसटतो आणि मध्यभाग मासळीच्या डोळ्यासारखा दिसतो. फार खोल असेल तर मध्ये काळोखी येते आणि त्याच वजनाचा हिरा वरून लहान दिसतो. गोल हिऱ्यात रिपोर्टवर हे आकडे बघा: टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, ५४ ते ५८ टक्के, खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरच्या पैलूंचा कोन ३४ ते ३५ अंश, खालच्या पैलूंचा ४०.६ ते ४१ अंश. कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही ‘एक्सलंट’ असलेल्या हिऱ्याला बाजारात ‘ट्रिपल एक्स’ म्हणतात. नवख्याने गोल हिऱ्यात यापेक्षा खाली उतरू नये. अंडाकृती, चौकोनी, नासपतीच्या आकाराच्या हिऱ्यांच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री मिळते, पण गोल हिऱ्यासारखी कटची श्रेणी त्यांना सहसा नसते. तिथे व्हिडिओ बघितल्याशिवाय घेऊ नका. अंडाकृती हिऱ्यात मधोमध फुलपाखरासारखी काळी सावली पडते. थोडी चालते, गडद नको.

वजनाच्या बाबतीत मिलिमीटर बघा. चांगल्या कटचा गोल हिरा ०.३० कॅरेटला सुमारे ४.३ मिमी, ०.५० ला ५.१ मिमी आणि १ कॅरेटला ६.५ मिमी भरतो. अर्धा कॅरेट म्हणजे एक कॅरेटच्या निम्मा दिसेल असं नाही. व्यासात फरक १.४ मिलिमीटरचाच आहे. कॅरेटमागचा भाव ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९० आणि १.०० या टप्प्यांवर उडी मारतो. ०.४७ चा हिरा ०.५० पेक्षा बराच स्वस्त पडतो आणि बोटात कुणाला ओळखू येत नाही. उलट बरोबर ०.५० वजनाचा पण ४.९ मिमीचाच हिरा दिसला तर वजन टिकवण्यासाठी तळ जाड ठेवला आहे असं समजा.

रंगासाठी अंगठीचं सोनं आधी ठरवा. पिवळ्या सोन्यात आय किंवा जे रंगाचा हिरा पांढराच दिसतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच घ्या. डी-ई-एफचे जास्तीचे पैसे बोटात दिसत नाहीत.

शुद्धतेत व्हीएस२ पर्यंत निर्धास्त राहा. एसआय१ मध्ये चांगले हिरे मिळतात, पण निवडावे लागतात. डाग टेबलाच्या मधोमध काळा असेल तर नको, कडेला पांढरा असेल तर चालेल, हिरा धरणाऱ्या सोन्याच्या नखाखाली लपेल. कडेपर्यंत आलेली भेग मात्र टाळा, हिरा बसवताना तिथेच तो उडतो. रिपोर्टच्या शेरा-रकान्यात शुद्धता ‘क्लाउड’मुळे (बारीक ठिपक्यांच्या ढगासारख्या पुंजक्यामुळे) ठरली असं काही लिहिलेलं असेल तर हिरा दुधाळ असण्याची शक्यता असते. मुंबई-सुरतेच्या बाजारात यासाठी ‘बीजीएम’ हा शब्द आहे: तपकिरी, हिरवट, दुधाळ. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘नो बीजीएम आणि आय-क्लीन लिहून देता का?’ आय-क्लीन म्हणजे साधारण २५ सेंमीवरून नुसत्या डोळ्यांना डाग दिसत नाही. हे उत्तर ईमेलवर घ्या. तीव्र निळं फ्लुओरेसन्स (अतिनील किरणांत निळं चमकणं) असेल तर तोच प्रश्न पुन्हा विचारा, कारण असे काही हिरे उन्हात धुरकट दिसतात.

रिपोर्टचा क्रमांक स्वतः रिपोर्ट देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन टाइप करा. कार्डावरचा क्यूआर कोड खोट्या पानावरही नेऊ शकतो. तिथे वजन दोन दशांशांपर्यंत आणि मापं, उदाहरणार्थ ५.१०–५.१३ × ३.१६ मिमी, जशीच्या तशी जुळली पाहिजेत. मग तोच क्रमांक शोधयंत्रात टाका. सुटे हिरे बहुतेक एकाच साठ्यातून अनेक दुकानांच्या पानांवर लागतात, त्यामुळे हाच हिरा दुसरीकडे कमी किमतीत सापडू शकतो.

व्हिडिओ

फिरता व्हिडिओ २०-४० पट मोठा करून दाखवलेला असतो. त्यात एसआय१ चा ठिपका डोंगरासारखा दिसतो, घाबरू नका. दुकानाकडून दुसरा, साधा व्हिडिओ मागा. खिडकीजवळ, दुकानाचे झगमगते दिवे बंद करून, चिमट्यात किंवा बोटात धरलेला. पिवळी झाक, दुधाळपणा आणि मधली काळोखी त्यात उघडी पडते. हा व्हिडिओ द्यायला जे दुकान टाळाटाळ करतं, ते सोडा.

अंगठीची घडण

१८ कॅरेट सोनं घ्या. २२ कॅरेट मऊ असतं, त्यात हिऱ्याची पकड सैल होते. १४ कॅरेट आणखी कडक आणि स्वस्त, तेही चालतं. हिरा धरायला चार नखं असली तर हिरा जास्त उघडा दिसतो, सहा असली तर एक तुटलं तरी बाकीची धरून ठेवतात. रोज घरकामात, स्कूटरवर वापरायची असेल तर सहा नखांची किंवा सगळीकडून सोन्याची कड असलेली बेझल घडण घ्या.

‘एक कॅरेटसारखी दिसणारी’ स्वस्त अंगठी दिसली तर पान खालपर्यंत वाचा. सात-नऊ बारीक हिरे चिकटून बसवून एकच मोठा हिरा भासवतात, त्याला प्रेशर सेटिंग म्हणतात. घेण्यात चूक नाही, पण एकाच मोठ्या हिऱ्याच्या, म्हणजे सॉलिटेअरच्या, भावाने नको. ‘एकूण हिरे ०.६० कॅरेट’ यात मधला किती आणि कडेचे किती हेही विचारा. मागच्या बाजूलाही, सगळीकडून हिरे जडवलेली अंगठी लहान-मोठी करता येत नाही.

बिल

बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं हवं. हिशेबापुरतं उदाहरण घ्या. अंगठीचं एकूण वजन ३.६२ ग्रॅम. मधला हिरा ०.५० कॅरेट, कडेचे ०.१० कॅरेट, मिळून ०.६० कॅरेट म्हणजे ०.१२ ग्रॅम. निव्वळ सोनं ३.५० ग्रॅम. १८ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला तर सोनं ३५,०००. मधला हिरा ९०,०००, कडेचे ६,०००, घडणावळ ग्रॅमला १,२०० प्रमाणे ४,२००. बेरीज १,३५,२००, त्यावर ३ टक्के जीएसटी ४,०५६. एकूण १,३९,२५६ रुपये. सोन्याचा भाव एकूण वजनावर लावला असता तर १,२०० रुपये हिऱ्याच्या वजनाचे सोन्याच्या भावाने गेले असते. पुढे अंगठी बदलायची झाली तर घडणावळ आणि जीएसटी, म्हणजे या उदाहरणात ८,२५६ रुपये, सहसा परत मिळत नाहीत. सोन्याला आणि हिऱ्याला किती टक्के धरतात ते वेगवेगळं विचारून बिलावर किंवा ईमेलवर लिहून घ्या. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ म्हणजे इथे २,१०० रुपये, एवढीच त्या जाहिरातीची किंमत.

दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन द्यावा लागतो. दुकानाऐवजी एखाद्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर व्यवहार तिथेच थांबवा. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांवर वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते, म्हणून ते बरं.

अंगठी घरी आल्यावर

१. पाकीट घेण्याआधी सील बघा. फाटलेलं, पुन्हा चिकटवलेलं असेल तर घेऊ नका.

२. न थांबवता व्हिडिओ काढत पाकीट उघडा. पत्त्याची चिठ्ठी, सील, डबी, अंगठी, रिपोर्ट एकाच चित्रणात यायला हवं.

३. अंगठीच्या आत बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह, १८के७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी शोधा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक बंधनकारक आहे. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार अंगठीऐवजी कानातलं दिसलं तर तो क्रमांक उचललेला आहे. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे फार हलकी अंगठी घेताना ही खात्री मिळेलच असं नाही.

४. सराफ्यात दिवसा जा. संध्याकाळनंतर तिथे खाऊगल्ली भरते, गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांची गर्दी असते. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा आणि हिऱ्याचा व्यास मोजून रिपोर्टशी ताडा. हिऱ्याच्या कडेवर बहुतेकदा लेसरने रिपोर्टचा क्रमांक कोरलेला असतो. तो दहापटीच्या भिंगातून कष्टाने दिसतो, सूक्ष्मदर्शकात स्वच्छ. नुसता क्रमांक पुरे नाही, कारण तो दुसऱ्या दगडावरही कोरता येतो. क्रमांक, व्यास आणि रिपोर्टवर डागांचा नकाशा असेल तर त्यातले डाग, सगळं जुळायला हवं. क्रमांक नखाखाली जाऊ नये हे ऑर्डर देतानाच सांगून ठेवा.

५. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकी टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर एखादा हिरा सैल आहे. मग नखांवरून महेश्वरी साडीचा पदर फिरवा. धागा अडकला तर नखं नीट घासलेली नाहीत. साखरपुड्याच्या दिवशी तो पैठणीच्या जरीत अडकेल.

६. उन्हात, सावलीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा.

वाफ धरून बघणं, काचेवर ओरखडा काढणं, पाण्यात टाकणं या घरगुती परीक्षा करू नका. बसवलेल्या हिऱ्यात त्यांतून काही कळत नाही, आणि ओरखडा पडलेली अंगठी परत जात नाही.

तक्रार करायची झाली तर

मुदतीच्या आत ईमेल करा, फोनवर बोलणं पुरत नाही. व्हिडिओ, वजनाची चिठ्ठी आणि रिपोर्टचा क्रमांक जोडा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार दुकानाने तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर द्यायचं असतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सोनं हॉलमार्कपेक्षा कमी शुद्धतेचं निघालं तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे.

सगळं पसंत पडलं तर रिपोर्ट आणि बिलाची प्रत फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद अंगठीच्या डबीत न ठेवता वेगळ्या जागी ठेवा. दर सहा महिन्यांनी भिंगातून नखं बघून घ्या. पहिलं नख झिजतं तेव्हा हिरा अजून जागेवरच असतो, आणि सोनार ते थोड्या मजुरीत भरून देतो.